वाळूचा जमाखर्च

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या परिसरात वालचंदनगर हे गाव वसले आहे. चैत्र-वैशाखात नदीचे पाणी ओसरले, की पात्रात ठिकठिकाणी वाळूचे पट्टे उघडे पडतात. दुपारी ही वाळू इतकी तापते, की तिच्यावर पाय ठेववत नाही. पहाटे तीच वाळू गार आणि ओलसर लागते. नदीचे पाणी वाहते, काठावर माणसे येतात आणि जातात, वाळू मात्र जागची हालत नाही, असा आपला समज असतो. हा समज खरा नाही. वाळू ही मोठी प्रवासी आहे. तिची चाल मंद असते आणि वाटेत तिचे मुक्कामही फार होतात. परंतु तिचा प्रवास पुरा झाला, असे सहसा होत नाही. हा प्रवास कोठून सुरू होतो, कोठे जातो, तो अडला तर काय घडते आणि तो माणसाने मोजावा कसा, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

नीरेच्या पात्रातील चिमूटभर वाळू तळहातावर घ्या आणि भिंगातून पाहा. तीत काळसर दगडाचे बारीक तुकडे दिसतील आणि मधूनमधून गारगोटीचे पांढरे, चकाकणारे कणही आढळतील. हा काळा दगड सह्याद्रीचा होय. उन्हाने तापून, पावसाने भिजून आणि झाडांच्या मुळांनी चिरून डोंगराचा खडक फुटतो. त्याचे तुकडे ओढ्यात पडतात, एकमेकांवर घासतात आणि लहान होत जातात. ज्या कणाची जाडी दोन मिलिमीटरांहून कमी, पण मिलिमीटराच्या सोळाव्या हिश्श्याहून अधिक असते, त्याला शास्त्रज्ञ वाळू म्हणतात. त्याहून बारीक असतो तो गाळ आणि त्याहून जाड असते ती खडी.

पुराच्या वेळी नदी हे तिन्ही प्रकार वाहून नेते. पण प्रत्येकाला नेण्याची तिची रीत निराळी असते. गाळ पाण्यात मिसळून तरंगत जातो; पुराचे पाणी गढूळ दिसते ते त्यामुळेच. खडी तळाशी गडगडत जाते. वाळू मात्र उड्या मारीत जाते. पाण्याच्या जोराने कण उचलला जातो, हातभर पुढे पडतो आणि पडताना दुसऱ्या कणाला ढकलतो. पूर ओसरला, की जो कण जेथे असेल तेथे त्याचा मुक्काम पडतो. पुढचा पूर येईपर्यंत त्याला तेथेच थांबावे लागते.

भोर तालुक्यातील सह्याद्रीच्या कुशीत जन्मलेला असा एखादा कण घ्या. त्याच्या जन्मस्थानापासून पश्चिमेचा अरबी समुद्र काही फार दूर नाही. परंतु नीरा पूर्वेकडे वाहते. म्हणून त्या कणालाही पूर्वेचीच वाट धरावी लागते. बारामती तालुक्यात सोनगावजवळ कऱ्हा नदी नीरेस मिळते. पुढे सराटी येथे आषाढी वारीच्या वाटेवर तुकाराम महाराजांच्या पादुकांना नीरेच्या पाण्याने स्नान घालतात. नीरा नरसिंहपूर येथे नीरा आणि भीमा यांचा संगम होतो. तेथून भीमेबरोबर आपला कण पंढरपूरच्या वाळवंटात येतो. ज्या वाळवंटात वारकरी कीर्तनात रंगतात, ते वाळवंट अशाच कोट्यवधी कणांचा मुक्काम आहे. त्यानंतर कर्नाटक राज्य लागते. रायचूरजवळ भीमा कृष्णेस मिळते. कृष्णा तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून, विजयवाड्यावरून पुढे जाऊन हंसलादीवी येथे बंगालच्या उपसागरास मिळते. अशा रीतीने सह्याद्रीचा कण हजाराहून अधिक किलोमीटर अंतर तोडून दुसऱ्याच समुद्राच्या काठी पोहोचतो.

समुद्राला मिळाली म्हणजे वाळूचा प्रवास संपला, असे तुम्हांस वाटेल. खरे पाहता तेथे त्याचा दुसरा भाग सुरू होतो. किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा बहुधा सरळ येत नाहीत. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे त्या तिरप्या येतात. तिरपी लाट वाळूला तिरपेच वर ढकलते. परतणारे पाणी मात्र उताराने सरळ खाली जाते. म्हणून प्रत्येक लाटेबरोबर वाळूचा कण थोडा बाजूला सरकतो. करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवावे, तसा तो वर-खाली होत किनाऱ्याच्या कडेने पुढे जातो. एका लाटेचे काम अगदी अल्प असते. परंतु लाटा रात्रंदिवस येतच असतात. वर्षाच्या अखेरीस त्यांनी वाळूचे डोंगर एका गावाहून दुसऱ्या गावी नेलेले असतात.

याखेरीज ऋतुमानाप्रमाणे वाळूची आणखी एक ये-जा चालते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि समुद्र खवळतो. उंच लाटा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, आदळतात आणि वाळू ओढून पाण्याखाली नेतात. पण ती सगळीच दूर जात नाही. काठापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा लांब दांडा तयार होतो, आणि पुढच्या लाटा त्या दांड्यावर फुटून दुबळ्या होतात. म्हणजे पुळण आपली वाळू पुढे पाठवून स्वतःचेच रक्षण करते. पावसाळा सरला, की समुद्र शांत होतो आणि मंद लाटा ती वाळू हळूहळू परत आणून काठावर पसरतात. पावसाळ्यात खर्च आणि हिवाळ्यात जमा, असा हा व्यवहार आहे. ज्या वर्षी खर्चाइतकी जमा होते, त्या वर्षी किनारा जागच्या जागी राहतो. जमा कमी पडली तर समुद्र आत सरकतो. यालाच किनाऱ्याची धूप म्हणतात. जमा अधिक झाली तर जमीन समुद्रात पुढे जाते.

या व्यवहाराचा खरा कस लागतो तो वाळूच्या अरुंद पट्ट्यांवर आणि बेटांवर. काही ठिकाणी लाटा आणि प्रवाह मिळून किनाऱ्याशी समांतर असा वाळूचा लांब दांडा रचतात. त्याच्या एका अंगाला मोकळा समुद्र असतो आणि दुसऱ्या अंगाला खाडी किंवा खाजण असते. दांड्याचे एक टोक जमिनीस जोडलेले असेल तर ती वाळूची पट्टी होय. दोन्ही टोके सुटी असली तर ते वाळूचे बेट होय. हे पट्टे किनाऱ्यापुढे पहारेकऱ्यासारखे उभे असतात. वादळाचा पहिला तडाखा ते आपल्या अंगावर घेतात आणि त्यांच्यामागची खाडी, शेते आणि गावे सुरक्षित राहतात.

महाराष्ट्रात अशी पट्टी पाहावयाची असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग पाहावे. मालवणच्या दक्षिणेस तारकर्लीच्या पुढे हे गाव आहे. सह्याद्रीवरून येणारी कर्ली नदी येथे थेट समुद्रास न मिळता काही अंतर किनाऱ्याच्या कडेने चालते. त्यामुळे नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी राहिली आहे. तिच्यावर माडांच्या बागा आहेत, मच्छीमारांची घरे आहेत आणि गावचा रस्ता आहे. घराच्या पुढच्या दारी समुद्राची गाज आणि मागच्या दारी खाडीचे संथ पाणी, अशी येथील वस्ती आहे. पट्टीच्या टोकाशी, जेथे कर्ली समुद्रास मिळते, तेथे खाडीच्या तोंडात वाळूचे एक लहानसे बेट आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीनंतर ते वर आले असे लोक सांगतात आणि म्हणून त्यास ‘त्सुनामी बेट’ म्हणतात. ओहोटीस ते उघडे पडते आणि भरतीस त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो.

देवबागेस समुद्राकडून आणि खाडीकडून अशा दोन्ही बाजूंनी धूप सोसावी लागते. पावसाळ्याच्या उधाणात लाटा माडांच्या मुळांखालची वाळू काढून नेतात. मुळे उघडी पडली, की वर्षानुवर्षे जोपासलेला माड एका रात्रीत आडवा होतो. म्हणून लोकांच्या मागणीवरून येथे दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घालण्यात आले. अशा बंधाऱ्यामुळे त्याच्यामागची घरे वाचतात, हे खरे. परंतु दगडावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि जेथे बंधारा संपतो त्या टोकापाशी तिचा मारा वाढतो. निसर्गानेही येथे आपली एक कोवळी भिंत घातलेली असते. वाळूवर पसरणाऱ्या जांभळ्या फुलांच्या एका वेलीला कोकणात मर्यादवेल म्हणतात. समुद्राने येथवर यावे, पुढे येऊ नये, अशी जणू मर्यादाच ही वेल घालून देते. तिच्या मुळांच्या आणि फांद्यांच्या जाळ्यात वाऱ्याने उडणारी वाळू अडकते आणि काठावर वाळूची टेकडी उभी राहते. हीच टेकडी वादळाच्या दिवसांत उपयोगी पडणारी किनाऱ्याची शिल्लक होय.

वाळूच्या बेटांचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावयास हवा. मोठ्या वादळात लाटा बेटावरून पलीकडे जातात आणि पुढच्या बाजूची वाळू मागच्या बाजूस टाकतात. असे वारंवार झाले, की सगळे बेटच जमिनीच्या दिशेने सरकते. बेट नाहीसे होत नाही. ते जागा बदलते. परंतु त्यावरील घरांना त्याच्याबरोबर चालता येत नाही. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यापुढे अटलांटिक महासागरात अशा बेटांची एक माळ आहे. तेथील केप हॅटरास येथे १८७० मध्ये विटांचे एक उंच दीपगृह बांधले गेले. तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे ४५० मीटर दूर होता. १९७० च्या सुमारास हे अंतर केवळ ३६ मीटरांच्या आसपास उरले. शेवटी १९९९ मध्ये ते संपूर्ण दीपगृह पायापासून उचलून, रुळांवरून इंचाइंचाने सरकवीत २३ दिवसांत सुमारे ८८० मीटर अंतरावर नेण्यात आले. समुद्र किती आणि कोणत्या वेगाने पुढे येत आहे, याच्या नोंदी होत्या म्हणूनच वेळ असताना हा निर्णय घेता आला.

येथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. समुद्र पुढे येत आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे? भाद्रपदात किनाऱ्यावर गेलेला माणूस म्हणेल, “समुद्राने सारी वाळू खाल्ली.” चैत्रात गेलेला म्हणेल, “छे! वाळू तर जागच्या जागी आहे.” दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितले आहे; पण दोघांच्याही सांगण्यावरून किनाऱ्याची खरी स्थिती कळत नाही. एकाने खर्चाचे पान पाहिले आणि दुसऱ्याने जमेचे. सगळी वही कोणीच वाचली नाही. त्यासाठी एकाच जागी, वर्षाच्या त्याच महिन्यात आणि भरती-ओहोटीच्या त्याच अवस्थेत, वर्षानुवर्षे मोजणी करावी लागते. या वर्षीच्या वैशाखाची तुलना गतवर्षीच्या वैशाखाशी करावयाची, भाद्रपदाशी नव्हे.

ही मोजणी करण्यास फार मोठी यंत्रे लागतात असे नाही. अमेरिकेतील समुद्रशास्त्रज्ञ केनेथ एमरी यांनी १९६१ मध्ये एक सोपी रीत प्रसिद्ध केली. तीस दोन काठ्या आणि एक दोरी पुरते. प्रत्येक काठी दीड मीटर उंच घेतात आणि तिच्यावर वरून खाली सेंटिमीटरांच्या खुणा करतात. दोरीही दीड मीटर लांबीची असते. प्रथम किनाऱ्यावर कधी न हलणारी एक खूण निवडतात. उदाहरणार्थ, एखादा दगडी खांब किंवा देवळाची पायरी. पहिली काठी तेथे उभी धरतात आणि दुसरी दोरीच्या अंतरावर समुद्राच्या बाजूस धरतात. उतार असल्यामुळे समुद्राकडील काठीचे टोक खाली दिसते. मागच्या काठीजवळ उभा असलेला विद्यार्थी आपली नजर हळूहळू खाली आणतो. पुढच्या काठीचे टोक आणि समुद्राची क्षितिजरेषा एका ओळीत दिसू लागली, की तो थांबतो आणि आपल्या काठीवरील त्या ठिकाणची खूण वाचतो. वरून मोजलेले ते अंतर म्हणजेच त्या दीड मीटरांत पुळण जितकी उतरली तितका तिचा उतार होय. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणावयाची आणि पुढची आणखी पुढे न्यावयाची. असे करीत पाण्यापर्यंत जावयाचे. सर्व आकडे वहीत मांडले आणि आलेखाच्या कागदावर बिंदू जोडले, की पुळणीचे चित्र तयार होते. या रीतीत क्षितिज हीच पातळी आहे, आणि ती कधी चुकत नाही.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा, स्थिर खुणेपासून पाण्यापर्यंत काठ्या २० वेळा पुढे न्याव्या लागल्या. म्हणजे अंतर २० × १.५ = ३० मीटर झाले. या वर्षीच्या वैशाखातील चित्र गतवर्षीच्या वैशाखातील चित्रावर ठेवले, तेव्हा पुळण सरासरीने २० सेंटिमीटर खाली गेलेली दिसली. तर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे ३० × ०.२० = ६ घनमीटर वाळू गेली. एक किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर हा खर्च ६,००० घनमीटर होतो. एक घनमीटर वाळूचे वजन सुमारे दीड टन धरले, तर किती टन वाळू नाहीशी झाली, हे तुम्हीच काढा. डोळ्यांना जो बदल वीतभर दिसतो, तो हिशेबात हजारो टनांचा असतो. मोजणीचे महत्त्व यातच आहे.

शास्त्रज्ञ याहून सूक्ष्म साधनेही वापरतात. कृत्रिम उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी घेतलेली छायाचित्रे एकावर एक ठेवून ते किनाऱ्याची रेषा किती सरकली हे पाहतात. १९९० ते २०१८ या काळातील अशा अभ्यासात भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची कमीअधिक धूप होत असल्याचे आढळले. बंदरातील गाळ कोठे जातो हे समजण्यासाठी काचेची विशेष भुकटी वापरतात. तिच्यात किरणोत्सर्गी द्रव्य असते. तिचा माग पाण्याखालीही उपकरणांनी काढता येतो, आणि तिचा किरणोत्सर्ग काही महिन्यांत ओसरत जातो. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तेथे नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत लाटा आणि प्रवाह निर्माण करतात. किनाऱ्यावर बंधारा घातला तर वाळू कोठे साचेल आणि कोठे वाहून जाईल, हे तेथे आधी पाहता येते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या जिल्ह्यात समुद्राचा असा अभ्यास चालतो, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आधी न पाहता केलेल्या कामाचे परिणाम कसे होतात, हे चेन्नईच्या किनाऱ्याने दाखविले आहे. तेथे वाळू वर्षाकाठी मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. १८७६ पासून तेथे बंदराच्या भिंती बांधण्यास सुरुवात झाली. त्या भिंती समुद्रात आडव्या आल्या आणि वाळूची वाट अडली. दक्षिणेस वाळू साचत गेली आणि मरीना नावाची विस्तीर्ण पुळण तयार झाली. पण उत्तरेकडील रायपुरम भागास मिळावयाची वाळू मिळेनाशी झाली आणि तेथे समुद्र जमीन खाऊ लागला. एकाच भिंतीच्या एका बाजूस जमा वाढली आणि दुसऱ्या बाजूस खर्च.

याच पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम शहराशी वालचंदनगरचे एक नाते आहे. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते, त्यांनीच विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारला. त्याची पायाभरणी १९४१ मध्ये झाली. तेथील बंदरापाशीही वाळू अडते आणि उत्तरेकडील पुळण झिजते. त्यावर उपाय म्हणून बंदराने अडविलेली वाळू यंत्राने काढून पुळणीवर नेऊन टाकण्यात येते. निसर्गाची वाट माणसाने अडविली, तर ते ओझे माणसानेच पलीकडे वाहून न्यावे, हा त्यातील न्याय आहे.

आता आपल्या कणाकडे पुन्हा वळू. कृष्णेच्या मुखाशी नदीने हजारो वर्षे आणलेल्या गाळाने आणि वाळूने त्रिभुज प्रदेश तयार केला. त्याच्या कडेला लाटांनी वाळूचे लांब दांडे रचले. परंतु विसाव्या शतकात कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर अनेक धरणे झाली. धरण पाणी अडविते, तसाच गाळही अडविते. शास्त्रज्ञांच्या मोजणीनुसार १९६६ ते १९६९ या काळात कृष्णा वर्षाला सुमारे ९० लक्ष टन गाळ त्रिभुज प्रदेशाकडे आणीत होती. २००० ते २००५ या काळात हे प्रमाण ४ लक्ष टनांपर्यंत खाली आले. शेजारच्या गोदावरीचीही आवक घटली. १९६५ ते २००८ या ४३ वर्षांत या दोन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या ३३६ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर समुद्राने एकूण ७६ चौरस किलोमीटर जमीन घेतली.

यावरून धरणे वाईट असतात, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. भाटघर आणि वीर या धरणांचे पाणी नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आले, म्हणून येथील कोरड्या माळांवर ऊस उभा राहिला, साखर कारखाने चालले आणि हजारो कुटुंबांस अन्न मिळाले. धरण ही गरज आहे. पण प्रत्येक कामाची एक किंमत असते, आणि ती किंमत कोठेतरी कोणीतरी भरीत असतो. आपण साठविलेल्या पाण्याबरोबर अडलेला कण हजार किलोमीटर दूरच्या एखाद्या किनाऱ्यावर उणा पडतो. ज्या मच्छीमाराच्या अंगणापर्यंत समुद्र आला, त्याने नीरेचे नावही ऐकलेले नसेल. तरीसुद्धा त्याची आणि आपली वही एकच आहे.

याच वहीत आपण दुसराही एक खर्च मांडतो. घरे, पूल आणि रस्ते बांधण्यासाठी नदीतील वाळू उपसली जाते. बांधकामास वाळू लागते, हे उघड आहे. म्हणूनच ती किती आणि कोठून काढावी, यासाठी शासनाचे नियम आणि परवाने असतात. परंतु पूर जेवढी वाळू आणून टाकतो तिच्याहून अधिक काढली, तर नदीचे पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि पुलांचे पाये उघडे पडतात. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि गाळून स्वच्छही करतो. तो थर गेला, की काठावरच्या विहिरींचे पाणी खाली जाते. दगड दळून तयार केलेली वाळू बांधकामात वापरली, तर नदीवरील भार पुष्कळ कमी होतो.

समुद्रकिनारा दूर असला, तरी वाळूची मोजणी तुम्हांस आपल्या गावीही करता येईल. नदीकाठी क्षितिजरेषा दिसत नाही. तेथे गवंड्याची पाण्याची नळी घ्यावी. पारदर्शक नळीत पाणी भरले, की तिच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहते. ती दोन काठ्यांना लावून घाटाच्या एखाद्या पायरीपासून पात्राच्या कोरड्या भागापर्यंत उतार मोजता येतो. पावसाळ्यापूर्वी वैशाखात एकदा आणि पूर ओसरल्यावर मार्गशीर्षात एकदा अशी मोजणी करावी. हे काम शिक्षकांसमवेत, दिवसा आणि पाण्यात न उतरता करावे. उपसा झालेल्या जागी खोल खड्डे असतात; त्यांच्याजवळ मुळीच जाऊ नये. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून फारसे काही कळणार नाही. दुसऱ्या वर्षी तुलना सुरू होईल. तुम्ही शाळा सोडून गेल्यावर तुमच्या मागून येणाऱ्या मुलांनी तीच पायरी, तीच काठी आणि तोच महिना धरून मोजणी चालू ठेवली, तर दहा वर्षांनी ती वही मौल्यवान ठरेल. आपल्या नदीचे पात्र भरत आहे की खचत आहे, हे गावास वादविवादाने नव्हे तर आकड्यांनी सांगता येईल.

घराचा जमाखर्च रोज लिहिणारी गृहिणी महिनाअखेर गडबडत नाही. कोठे काटकसर करावी आणि कोठे सैल सोडावे, हे तिला वेळेवर उमगते. नदीचा आणि किनाऱ्याचा जमाखर्चही असाच ठेवावा लागतो. वाळूचा एक कण ही क्षुल्लक वस्तू वाटते. परंतु त्या कणांवरच देवबागेचे माड उभे आहेत, त्यांच्यावरच पंढरीचे वाळवंट पसरले आहे आणि त्यांच्याच आधाराने नीरेकाठच्या विहिरींना पाणी आहे. जो कणांचा हिशेब ठेवील, त्यालाच किनारा राखता येईल.

स्वाध्याय

१. पाण्याचा पूर गाळ, वाळू आणि खडी कोणकोणत्या रीतीने वाहून नेतो?

२. नीरा नदीतील वाळूचा कण समुद्रापर्यंत ज्या मार्गाने जातो, तो मार्ग नकाशात दाखवा आणि वाटेतील गावांची व नद्यांची नावे लिहा.

३. कारणे द्या : (अ) भाद्रपदातील मोजणीची तुलना चैत्रातील मोजणीशी करून धूप ठरविता येत नाही. (आ) चेन्नईच्या बंदराच्या दक्षिणेस पुळण वाढली आणि उत्तरेस किनारा झिजला.

४. एका किनाऱ्यावर खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर ४५ मीटर आहे. एका वर्षात पुळण सरासरीने १० सेंटिमीटर खाली गेली. तर २०० मीटर लांबीच्या किनाऱ्यावरून किती घनमीटर वाळू गेली?

५. ‘धरण ही गरज आहे, पण प्रत्येक कामाची एक किंमत असते.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.